आधी कान, मग कॅमेरा

स्वतःच्या पैशानं चित्रपट किंवा माहितीपट करू पाहणारी तरुण मुलं भेटली, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, कॅमेरा कोणता घेऊ?’ मी कवी माणूस. पण अशा मुलांच्या माहितीपटांसाठी निवेदनं लिहिताना त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलो आहे, संकलनाच्या खोलीत रात्री जागवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा.

आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच यंत्रमागांचं मालेगाव घ्या. तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. या मंडळींनी ट्रॉलीऐवजी सायकल वापरली आणि क्रेनऐवजी बैलगाडी. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. साधनं तुटपुंजी होती, पण सांगायचं काय हे पक्कं होतं.

मग पैसा आधी कशावर खर्च करावा? माझ्या मते आवाजावर. थोडं धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा शब्द चालवून घेत नाही. मराठवाड्यातल्या एका खेड्यात दोन मुलांनी दखनी चक्कीनामे म्हणणाऱ्या एका वृद्ध खालांचं चित्रण केलं. जात्यावर म्हणायची ही सूफी वळणाची गाणी आता फार थोड्यांच्या ओठांवर उरली आहेत. कॅमेरा महागडा होता, पण माइक कॅमेऱ्यावरचाच, बोलणाऱ्यापासून आठ फुटांवर. डोक्यावर पंखा फिरत होता. घरी येऊन ऐकलं तर घरघरीत अर्धे शब्द बुडालेले. पुन्हा जाईपर्यंत खाला अल्लाला प्याऱ्या झाल्या होत्या. कॉलरला लावायचा साधा माइक असता, तर ती गाणी वाचली असती.

म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. पंखा, फ्रिज बंद करावा. हेडफोन लावून ऐकत राहावं. काम संपलं, की सगळ्यांनी गप्प बसून त्या जागेची एक मिनिटाची शांतता मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधले सांधे तिनंच बुजवले जातात. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल, तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात.

आता उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवलं, की चित्रातले पट्टे बहुधा जातात. काही स्वस्त एलईडी दिव्यांचा मात्र भरवसा नाही; आधी चाचणी घ्यावी. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी चौकटींची संख्या, उजेड आणि रंग हाताने कायम करता येतील असं अ‍ॅप वापरावं. नाहीतर फोन स्वतःच चौकटी कमीजास्त करतो आणि वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो.

दिवे नसतील तर खिडकी आणि पांढरी चादर पुरते. ‘अपराजितो’साठी (१९५६) छायालेखक सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराचा सेट असाच उजळला होता. वर ताणलेल्या कापडावर दिव्यांचा झोत टाकून त्यांनी अंगणात उतरणारा मऊ उजेड निर्माण केला.

तिसरी गोष्ट म्हणजे टिपलेलं जपणं. पूर्वी ३५ मिलिमीटर फिल्मचा ४०० फुटांचा रोल जेमतेम साडेचार मिनिटं चालायचा, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. आज कार्ड स्वस्त झालं आणि विचार महाग. सेकंदाला १०० मेगाबिट वेगानं चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी जागा लागते. दहा तासांचे ४५० जीबी झाले. हा हिशेब निघण्याआधी घरी करा. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती काढा, उघडून पाहा आणि मगच कार्ड पुसा. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत ठेवू नका. पिशवी हरवली तर दोन्ही जातात. जमल्यास तिसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. फोल्डरला ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावं न देता तारीख, गाव आणि माणसाचं नाव द्या. सहा महिन्यांनी तुमच्या संकलकाला तेच उपयोगी पडतं.

तेव्हा मित्रहो, यादी अशी करा. आधी माइक आणि हेडफोन, मग दोन हार्ड डिस्क, मग बळकट ट्रायपॉड. एवढं घेऊन पैसे उरले तर कॅमेरा घ्या. न उरले तर तो भाड्यानं मिळतो, मित्राकडून उसना मिळतो, अनेकांच्या खिशातही असतो. मात्र ज्यांचे शब्द टिपायचे आहेत, ती म्हातारी माणसं आपल्या बचतीसाठी थांबत नाहीत. त्यांच्याकडे लवकर जा.