घाशीराम कोतवालाची कारकीर्द व कोतवालीचे कागद

घाशीराम सावळदास हें नांव उच्चारतांच ऑगस्ट १७९१ मधील एकच रात्र डोळ्यांपुढें येते. मोरोबा कान्होबा यांच्या १८६३ सालच्या पुस्तकानें ही स्मृति ग्रंथांत आणिली व १९७२ सालीं रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकानें ती सर्वतोमुखी केली. परंतु तें नाटक ऐतिहासिक नव्हे, असें खुद्द नाटककारानेंच सांगितलें आहे. चौदा वर्षांच्या अधिकाराचें माप एका रात्रीवरून घेणें इतिहासजिज्ञासूंस पुरेसें वाटूं नये, असें आमचें मत आहे.

घाशीराम हा औरंगाबादकडील उत्तरहिंदुस्थानी ब्राह्मण. नाना फडणविसांचा विश्वास संपादून १७७७ सालीं तो पुण्याचा कोतवाल झाला. चोरांचा बंदोबस्त करणें एवढेंच कोतवालाचें काम नव्हतें. पेठांतील तंटे तोडणें, जिनसांचे भाव व वजनें-मापें पाहणें, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणें, शहरांत येणाऱ्याजाणाऱ्यांची खबर राखणें, हीं कामेंही त्याच्याकडेच असत. रात्रीं तोफ झाल्यावर रस्त्यांत फिरणारा इसम पहाऱ्याच्या हातीं सांपडे. सारांश, आज निरनिराळ्या खात्यांत वांटलेली सत्ता तेव्हां एका हातीं होती.

१७९१ च्या ऑगस्टअखेर दक्षिणेसाठीं पुण्यास आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेंत उतरले असतां चोरीच्या आरोपावरून पकडले गेले. त्यांस अरुंद जागेंत कोंडल्यामुळें वीसहून अधिक जण गुदमरून मेले. मानाजी फांकडे यांनीं दार फोडून उरलेल्यांस सोडविलें. ब्राह्मणसमुदायानें नानांच्या वाड्यास गराडा घातला. न्यायाधीश अय्याशास्त्री यांच्यापुढें प्रकरण गेलें. आणि ३१ ऑगस्ट रोजीं जमावाच्या हवालीं केलेला घाशीराम दगडांखालीं मेला.

या शेवटांत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. कोतवालावर वचक होता तो एका आश्रयदात्याचा. लोकांची दाद लागली ती प्रेतें बाहेर आल्यावर. आणि ती लागली तेव्हां दंड देणारा हात सरकारचा राहिला नाहीं, जमावाचा झाला. मग दोष एकट्या घाशीरामाचा, कीं बेबंद अधिकार देऊन नजर न ठेवणाऱ्या पद्धतीचाही? नानांस या प्रश्नांतून सोडवितां येत नाहीं.

याचें उत्तर बखरींच्या रसभरित पानांवर मिळणें कठीण. तें कोतवालीच्या जमाखर्चांत, गुन्हेगारीच्या नोंदींत, कतब्यांत व खरेदीखतांत शोधलें पाहिजे. कोणाकडून काय दंड घेतला, कोणत्या कारणास्तव घेतला, हें तेथेंच कळेल. पण रुमाल सोडतांना सनदा व पत्रें जपून ठेवावीं आणि हिशेबाचे फुटकळ बंद रद्दींत घालावे, असा प्रकार आम्हीं अनेकवार पाहिला आहे. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, ज्या बंदावर कोतवाल चावडीचें नांव असेल तो, दोनच ओळींचा असला तरी, टाकूं नये. नामांकित मनुष्याचा न्याय करावयाचा तर साक्षीदार क्षुल्लक मानून चालत नाहीं.