पोटाची भूक आणि मनाची भूक

आपल्याकडे गुटगुटीत मूल पाहिले, की 'खात्यापित्या घरचे दिसते' असे कौतुकाने म्हणण्याची रीत आहे. ज्यांनी पेजेवर दिवस काढले, त्यांच्या तोंडी ते शोभतही होते. परंतु तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले, की कौतुक सरते आणि टोमणे सुरू होतात. काल ज्यांनी आग्रहाने वाढले, तेच आज 'किती सुटला आहेस!' म्हणतात. याने त्या कोवळ्या मनाचे काय होते, याचा विचार आपल्या न्यासाच्या सभासद कुटुंबांनी करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की वाढत्या वयात नुसत्या नजरेने वा काट्यावरील आकड्याने लठ्ठपणा ठरत नाही. वजनाबरोबर वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून, तक्त्यांच्या आधारे डॉक्टर तो ठरवितात. दुसरे असे, की हा एकट्या मुलाचा दोष नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३६ आणि पुरुषांपैकी सुमारे ३३ जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. मुलाचे ताट घरच्या ताटाहून निराळे नसते.

भूक दोन प्रकारची असते. पोटाची भूक हळूहळू लागते. तिला भात-हुमण चालते, भाकरी चालते, आणि पोट भरले की ती शमते. मनाची भूक एकाएकी उठते व तिला अमुकच हवे असते: बिस्किटे, चिप्स, भजी, थंड गोड पेय. परीक्षेत गुण कमी पडले, वर्गात कोणी हसले, घरात बोलाचाली झाली, की ती जागी होते. गोड-तेलकट खाल्ल्याने घटकाभर बरे वाटते हे खरेच. म्हणूनच तर सवय जडते. पण मूळ दुःख तसेच राहते, त्यावर खाल्ल्याची लाज येऊन बसते, आणि त्या लाजेवर उतारा म्हणून हात पुन्हा डब्याकडे जातो.

आम्हां शिक्षकांना याची दुसरी बाजू शाळेत दिसते. असा मुलगा व्यायामाच्या तासाला पोट दुखते म्हणतो, सहलीच्या दिवशी गैरहजर राहतो, डबा पाठमोरा बसून खातो. मुलगी स्नेहसंमेलनात पडद्यामागचे काम मागून घेते. आई-बापांना वाटते, मूल आळशी वा बुजरे आहे. पुष्कळदा त्याला चारचौघांची धास्ती बसलेली असते. ही धास्ती त्याला मैदानावरून घरात आणते, आणि एकटेपणी भूक नसता खाणे वाढते.

टोमण्याने मूल सुधारते, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४,७४६ शाळकरी मुलामुलींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. वजनावरून चिडविली जाणारी मुले अधिक खिन्न असतात, स्वतःला कमी लेखतात आणि त्यांच्या मनात आत्महत्येचे विचारही अधिक येतात, असे तीत दिसले. मग प्रत्यक्ष वजन कितीही असो. ज्यांना घरचेही चिडवीत आणि बाहेरचेही, त्यांची अवस्था अधिकच वाईट होती.

मग आई-बापांनी करावे काय? एकाच मुलाच्या ताटावर पहारा न ठेवता सर्व घराचे जेवण बदलावे. भावाला भजी आणि बहिणीला काकडी, हा पंक्तिप्रपंच मुले विसरत नाहीत. गोड पेये व पुडीतला खाऊ घरात आणूच नये. कुलपात ठेवलेल्या डब्याची ओढ वाढते. न्याहारी चुकवू देऊ नये. रात्रीचे जेवण सर्वांनी मोबाईल बाजूला ठेवून एकत्र घ्यावे. रुसलेल्या मुलाच्या हाती खाऊ देण्याआधी 'काय झाले?' असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. रोज तासभर हालचाल हवी. लोकांसमोर संकोच वाटत असेल, तर पहाटे आई-बापांपैकी कोणी त्याला बरोबर घेऊन चालावयास जावे. चवथ असो वा ईद, पाहुण्यांनी वजनाचा विषय काढला तर तो तेथेच थांबवावा. त्या क्षणी मूल आपल्या तोंडाकडे पाहत असते.

मूल लपून भरमसाट खात असेल, शाळा टाळीत असेल वा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर विलंब लावू नये. पेडणे-डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना भेटावे. बांबोळी येथे मनोविकारांचे सरकारी रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

वजन आटोक्यात यावयास महिने लागतील, कदाचित वर्षेही. तोवर आपल्या मुलाला निदान स्वतःच्या घरात मान वर करून जेवता यावे, एवढे तर आपल्या हाती आहे.