वायू पसरला म्हणजे थंडच होतो का? सिरिंजमधून समजून घ्या

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्व्हपाशी बोटाला गार लागतं. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसतं की वायू पसरला म्हणजे थंड होतो. मग परीक्षेत प्रश्न येतो, ‘स्थिर दाबाला आदर्श वायूचं प्रसरण झालं, तापमानाचं काय होईल?’ आणि बरेच जण बिनधास्त ‘कमी होईल’वर टिक करतात. बरोबर उत्तर आहे ‘वाढेल’. का, ते बघूया.

सिरिंजमध्ये काय होतं?

सुई नसलेली सिरिंज घ्या. आत १० मिली हवा, तापमान २७ अंश सेल्सिअस, तोंड घट्ट बंद. आता ती ७७ अंशांच्या पाण्यात धरली, तर दट्ट्या बाहेर सरकतो. बाहेरून वातावरणाचा दाब तेवढाच आहे, म्हणून आतला दाबही तेवढाच राहतो (घर्षण सध्या सोडून द्या). हीच समदाबी प्रक्रिया.

दाब स्थिर असेल तर आकारमान तापमानाच्या प्रमाणात बदलतं. पण तापमान केल्विनमध्येच घ्यायचं! ३०० चे ३५० केल्विन झाले, म्हणजे १० मिलीचे साधारण ११.६७ मिली. सेल्सिअस घालून गणित केलंत तर हवा जवळपास तिप्पट होईल, जे साफ चूक आहे.

उष्णता गेली कुठे?

- कार्य: दाब × आकारमानातली वाढ. १,०१,३२५ पास्कलला १.६७ मिली वाढ, म्हणजे सुमारे ०.१७ ज्यूल. हे दट्ट्या ढकलण्यात गेले.
- अंतर्गत ऊर्जा: हवेतले बहुतेक रेणू दोन अणूंचे असतात. त्यांच्यासाठी ही वाढ कार्याच्या अडीचपट, म्हणजे सुमारे ०.४२ ज्यूल.
- एकूण उष्णता: सुमारे ०.५९ ज्यूल.

थोडक्यात, पाण्याकडून ७ रुपये मिळाले तर २ खर्च झाले आणि ५ खात्यात राहिले. खात्यात भर पडली, म्हणून तापमान वाढलं. ट्यूबमधल्या हवेला मात्र बाहेरून उष्णता घ्यायला वेळच मिळत नाही. ती स्वतःच्या खात्यातून खर्च करते, म्हणून गार होते.

दट्ट्या जाम असेल तर?

मग कार्य शून्य. तेवढंच तापमान वाढवायला ०.४२ ज्यूल पुरतात. म्हणूनच स्थिर दाबाची उष्माधारकता स्थिर आकारमानापेक्षा जास्त असते. पण आता दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. डिओच्या कॅनमध्ये तर द्रवरूप वायू असतो, त्यामुळे तिथे दाब याहून वेगाने चढतो. उन्हात उभ्या गाडीत कॅन ठेवू नका, असं म्हणतात ते यासाठीच.

कोड डीबग करताना मी आधी बघतो की कुठला व्हेरिएबल फिक्स आहे. इथेही तेच करा. काय स्थिर आहे आणि उष्णता कुठून येतेय, हे दोन प्रश्न आधी विचारा आणि मगच टिक करा.