मुलकी कोणास म्हणावें?

पूर्णेच्या काठचें जाफराबाद आज जालना जिल्ह्यांत असलें, तरी १९४८ पर्यंत तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या काळीं तेथील तरुण सरकारी नोकरीसाठीं अर्ज करी, तेव्हां पहिला प्रश्न येई: हा मुलकी आहे काय?

मुलकी म्हणजे संस्थानचा हक्काचा रहिवासी. बिगरमुलकी मनुष्यास निजामाच्या मंजुरीवांचून नोकरी मिळत नसे. हा दर्जा मिळण्याचे मार्ग १९१९ च्या फर्मानानें ठरले होते. जन्माच्या वेळीं बाप मुलकी असला कीं मूल मुलकी. बाप जन्मसमयीं सरकारी नोकरींत असून त्याचीं १५ वर्षें पुरी झालीं असलीं, तरीही मूल मुलकी. मुलकी पुरुषाची पत्नीही मुलकी. यांत न बसणाऱ्यानें संस्थानांत १५ वर्षें कायम वास्तव्य करावें, आणि मूळ गांवीं परतण्याचा विचार सोडल्याचें प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावें.

या नियमांत आईला स्थान कोठें होतें? समजा, जाफराबादची एक मुलगी अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, इंग्रजी अंमलाखालील खानदेशांत दिली. पुढें वैधव्य येऊन ती तान्ह्या मुलासह माहेरीं परतली. आजोळ पिढ्यान्‌पिढ्या मुलकी. परंतु मूल मात्र बिगरमुलकी, कारण त्याचा बाप मुलकी नव्हता. त्या मुलास १५ वर्षांच्या वास्तव्याचाच रस्ता उरे.

संस्थान गेलें. भारताच्या संविधानानें पांचव्या अनुच्छेदांत, भारतांत अधिवास असलेल्या मनुष्यास आई किंवा बाप यांपैकीं एकाचा येथील जन्मही पुरेसा मानला. परंतु १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानें परदेशीं जन्मलेल्या मुलासाठीं पुन्हां बापाचेंच नागरिकत्व विचारलें. परदेशी पतीसह लंडनमध्यें संसार करणाऱ्या मराठी स्त्रीची अडचण जाफराबादच्या त्या लेकीसारखीच झाली.

हा भेद १० डिसेंबर १९९२ पासून मिटला. आतां आईचें नागरिकत्वही मुलास मिळूं शकतें. विवाहानें भारतीय कुटुंबांत येणारा जांवई असो वा सून, दोघांसही ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीसाठीं अर्ज करतां येतो. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून परदेशीं जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातींत करावी लागते, व त्याजवळ दुसऱ्या देशाचें पारपत्र नसल्याचें आईबापांस लिहून द्यावें लागतें. नोंदीची मुदत एक वर्षाची आहे. ती उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते. ज्या घरीं केवळ आईच भारतीय आहे, त्या घरानें तर ही मुदत मुळींच चुकवूं नये.