पाण्याखालचा धीर

समुद्राच्या तळाकडे उतरणें हें केवळ धाडसी माणसाचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पाणबुड्याच्या विद्येकडे थोडें बारकाईनें पाहिल्यास तींत धाडसाला गौण व संवयीला प्रमुख स्थान असल्याचें दिसून येईल.

हल्लीं ज्याला 'स्कूबा' म्हणतात, त्या उपकरणाचें प्रचलित रूप १९४३ सालीं फ्रान्समध्यें कुस्तो व गान्यां या दोघांनीं सिद्ध केलें. पाठीवरील टांकींतली हवा, सभोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानें तोंडाशीं पोंचविणें हें त्याचें कार्य. समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून १० मीटरांवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर ती हवा फुगून दुप्पट होऊं पाहते व फुप्फुस फाटण्याचा प्रसंग येतो. श्वास कधींहि रोखूं नये, हा पहिला नियम यामुळेंच झाला. दुर्दैव असें कीं, घाबरलेला मनुष्य नेमका श्वास रोखतो आणि वर धांव घेतो. भय जो मार्ग सुचवितें तोच येथें प्राणघातक ठरतो. आणि पुष्कळसें शिक्षण असतें तें हा मार्ग विसरविण्यासाठीं.

त्याकरितां नवशिक्याला प्रथम पोहण्याच्या तलावांत उतरवितात. मुखवट्यांत शिरलेलें पाणी नाकानें हवा सोडून बाहेर घालविणें, तोंडांतील नळी काढून पुन्हां बसविणें, सोबत्याच्या टांकींतून श्वास घेणें, नाक दाबून कानांतील दाब सारखा करणें, हे धडे हातांस आपोआप येईपर्यंत गिरवावयाचे असतात. पुढें समुद्रांत तरंगण्याचा तोल साधावा लागतो. नवखा मनुष्य हातपाय झाडतो व त्याची हवा लवकर संपते. तीच टांकी सावकाश श्वास घेणाऱ्यास अधिक वेळ पुरते.

वर येण्याचेंहि शास्त्र आहे. सोड्याची बाटली एकदम उघडली असतां कसे बुडबुडे उठतात, हें श्रोत्यांनीं पाहिलेंच असेल. दाबाखालीं रक्तांत विरलेला नायट्रोजन वायु, माणूस घाईनें वर आल्यास तसाच उसळतो. याचें गणित हॉल्डेन या शास्त्रज्ञानें १९०८ सालीं मांडलें. आज मिनिटास सुमारें ९ मीटरांहून अधिक वेगानें वर न येण्याचा व ५ मीटरांवर ३ मिनिटें थांबण्याचा प्रघात आहे. पहिल्या परीक्षेनंतर १८ मीटर, पुढील शिक्षणानंतर ३० मीटर, अशी मर्यादा पायरीपायरीनें वाढते.

रायगडचा किनारा मात्र नवशिक्यासाठीं नव्हे. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका व सावित्री या नद्या सह्याद्रीचा गाळ आणतात, आणि भरती-ओहोटी तो खालीं बसूं देत नाहीं. खांदेरी किंवा जंजिरा यांच्या तटावरून समुद्र कितीहि रम्य दिसो, पाण्याखालीं दृष्टि फार दूर पोंचत नाहीं. म्हणून शिकणारे मालवण-तारकर्लीच्या त्या मानानें निवळ पाण्याकडे जातात.

गढूळ पाण्यांत उतरावयाचें म्हणजे काय, हें २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीनंतर महाडनें पाहिलें. सावित्रीवरील ब्रिटिश अमदानींतला पूल पुरांत कोसळला व राज्य परिवहनाच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्यांच्या शोधासाठीं नौदलाचे पाणबुडे त्या लोंढ्यांत उतरले. अशा पाण्यांत डोळ्यांचें काम हातांनीं करावें लागतें, आणि तेथें उपयोगीं पडतो तो पूर्वीं शेंकडों वेळां गिरविलेला धडाच.

पाणबुड्यांत एक सुंदर रीत आहे. कोणालाहि, कोणत्याहि क्षणीं, कारण न सांगतां परत फिरण्याची मुभा असते व त्याबद्दल त्याला कोणी हिणवीत नाहीं. नवशिक्याला या मुभेची लाज वाटते. मुरलेला पाणबुड्या ती निःसंकोचपणें वापरतो. आपली मर्यादा ओळखून वेळींच मागें फिरण्याइतका धीर ज्याच्या अंगीं आला, त्याचें शिक्षण खऱ्या अर्थानें मार्गीं लागलें, असें समजावें.