तबकडीमागची विद्या

रेकॉर्ड जमवण्यात हयात घालवलेल्या माणसावर लघुपट काढायचा, तर त्याची कपाटं आणि ग्रामोफोनचा कर्णा दिसणारच. पण त्याची खरी कमाई डोक्यात असते, आणि ती टिपायची तर त्याला बोलतं करावं लागतं.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं. तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा हे कळावं, म्हणून गाण्याच्या शेवटी गौहर जान आपलं नाव सांगत. अशा तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव आणि राग असतो. ध्वनिमुद्रणाची तारीख सहसा नसते. ती काढायला लेबलालगत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा नोंद-क्रमांक, वाचून कंपनीच्या जुन्या याद्यांशी ताडावा लागतो.

ही विद्या एकमेकांना देता यावी म्हणून १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तिचे सचिव असताना भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून संग्राहकांची माहिती छापून ठेवली.

कर्जत-खालापूरसारख्या पावसाळी भागातल्या ज्या घरांत माळ्यावर जुन्या रेकॉर्ड असतील, तिथे घाई हवी. चार महिने धो धो पाऊस, दमट हवा. आधी वेष्टणाला बुरशी धरते, मग लेबलाला. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची. ती उभी ठेवावी. आडव्या थप्पीत खालची तडकते. स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख त्यात विरघळते. वाजवताना पोलादी सुई दर बाजूला बदलावी, नाहीतर खाच झिजते.

तबकडीइतकाच तिचा जाणकारही मोलाचा. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत गायिका केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांना ती रेकॉर्ड ठाऊक होती, म्हणून त्यांनी ती सुचवली. खूप शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात तिची प्रत मिळाली. जाणणारा होता, म्हणूनच तर शोध सुरू झाला.

तेव्हा घरात असा कुणी जाणता असेल, तर मोबाइल समोर ठेवा आणि एकेक रेकॉर्ड त्याच्या हातात द्या. ही कुठून आणली, कुणी गायली, साथीला कोण, हे त्याच्याच तोंडून नोंदवा. रेकॉर्डची दुसरी प्रत कुठेतरी मिळू शकेल. या माहितीची दुसरी प्रत आपणच काढायची आहे.