आधी मुलगे, की दोघेही?

तुमच्या गावात नवी शाळा काढावी की नाही, हे कोण ठरवते, असे विचारले तर तुम्ही कदाचित मुख्याध्यापकांचे नाव सांगाल. परंतु असे निर्णय बहुधा शाळेच्या भिंतीबाहेर, सभासदांच्या बैठकीत होतात. आणि तेथे हेतूइतकाच हिशेबही पाहिला जातो. पुण्यातील एक जुना वाद ऐका.

निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. अखेर विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. ह्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली. ते मुलग्यांना लागू करावे, मुलींना की दोघांनाही, हे मात्र त्यांनीच ठरवायचे होते.

पुण्यात १९२० साली येथेच खडाजंगी उडाली. सभासदांपुढील अडचण लहानशा उदाहरणाने समजेल. समजा, एका पेठेत दोनशे मुलगे आणि तितक्याच मुली आहेत. चाळीस मुलांना एक शिक्षक धरला, तर मुलग्यांसाठी पाच शिक्षक लागतील. मुली आल्या की दहा. खोल्या, फळे, पाट्या हे सारे दुप्पट! त्यासाठी नागरिकांवर कर किती बसवावा? पैसा अपुरा आहे, तेव्हा प्रथम मुलगे, मग मुली, असे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे होते. उलट सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी मोर्चा काढून मुलींची बाजू मांडली. ज्या शहरात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, त्याच शहरात हा वाद चालला होता.

पैशाची अडचण खोटी नव्हती. पण अडचण आली की थांबण्याची पाळी मुलींवरच का यावी, हा प्रश्न जमाखर्चाच्या वहीत मावणारा नव्हता. काहींचा तर मुलींच्या शिक्षणालाच मनातून विरोध होता. त्यांना पैशाचे निमित्त सोयीचे वाटले असल्यास नवल नाही.

पुढे कायदे बदलत गेले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यात ‘आधी कोण’ हा प्रश्न उरलेला नाही.